अकरा मित्रदेश आणि एक दट्ट्या

देशाला अकरा मित्रदेश होते, आणि अकराही मित्रांनी वेगवेगळ्या वर्षी एकच गोष्ट भेट दिली होती: हातपंप. मैत्रीचा नियमच असा की एकाची भेट दुसऱ्याच्या भेटीसारखी दिसता कामा नये. त्यामुळे पहिल्याचे पंप हिरवे, दुसऱ्याचे निळे, तिसऱ्याचे लाल. सातव्याच्या पंपावर तर एक छोटी तबकडी होती; ती कशासाठी हे त्या देशाच्या राजदूतालाही सांगता आलं नव्हतं. प्रत्येक भेटीबरोबर दोन वर्षं पुरतील इतके सुटे भाग येत, ते कसे बसवायचे हे सांगणारं जाडजूड पुस्तक त्या त्या देशाच्या भाषेत येई आणि उद्घाटनाचा फोटो निघे. दोन वर्षांनी भाग संपत. मैत्री मात्र टिकून राही.

हे सगळं शेवटी ज्या एका खिडकीपाशी येऊन थांबे, त्या खिडकीमागे नाहीबाई बसत.

पाणी खात्याच्या दुरुस्ती कारखान्याचं भांडार बाईंच्या ताब्यात होतं. भांडारात अकरा मांडण्या, मांडण्यांना अकरा रंग, आणि रंगाव्यतिरिक्त मांडण्यांवर फारसं काही नाही. कुठल्या कुठल्या गावाहून पंपदुरुस्तीवाले अर्धा दिवस बसमध्ये घालवून खिडकीशी येत आणि दट्ट्या मागत. दट्ट्या म्हणजे पंपाच्या पोटात, पितळी नळकांड्यात वरखाली होणारा गोल ठोकळा; दांडा हलवला की तोच पाणी वर ओढतो. तो झिजला की पंप नुसता खोकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाई म्हणत, "नाही हो, पुढच्या महिन्यात या." पाचव्या वर्षी नुसतं "नाही हो." दहाव्या वर्षापासून फक्त "नाही." त्यावरून पडलेलं हे नाव कारखान्यातून निघून पार घरापर्यंत पोचलं होतं. एकदा त्यांच्या यजमानांच्या तोंडूनही ते निसटलं. बाईंना राग येत नसे. खोटं नाव असतं तर आला असता.

बावीस वर्षं अशी गेली. मग एका मंगळवारी खिडकीशी एक पंपदुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, "बाई, उपकार झाले."

बाईंनी मान वर केली. या खिडकीशी आभार मानायला आलेला हा पहिलाच माणूस. काहीतरी चुकलंय, हे त्यांनी तिथंच ओळखलं.

"कसले उपकार?"

"गेल्या आठवड्यात तुम्ही जुन्यातला एक दट्ट्या दिला होता ना? बसवला. दोन वर्षांनी पाणी आलं गावात. माझी सासू माझ्याशी बोलायला लागली."

तो गेल्यावर बाईंनी वही काढून ते पान शोधलं. माणसाने हिरव्या पंपाचा दट्ट्या मागितला होता. त्यांनी काढून ठेवलेल्या जुन्या मालातला, बऱ्या अवस्थेतला एक दिला होता, पण तो लाल मांडणीवरचा. मांडण्या रंगवून झाल्यावर डबे मागेपुढे लागले होते. पहिल्या मित्राच्या पंपात तिसऱ्या मित्राचा दट्ट्या! नियमाप्रमाणे हा गुन्हा. दोन्ही पुस्तकांत, दोन्ही भाषांत, ठळक अक्षरांत आणि कवटीच्या चित्रासह सांगितलेलं होतं की दुसऱ्याचा भाग वापरू नये.

आणि तरी पाणी आलं होतं.

 बाई उठल्या, लाल मांडणीवरून एक झिजका दट्ट्या घेतला, हिरव्यावरून एक, निळ्यावरून एक, आणि तिन्ही टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवले. एक डोळा बारीक करून त्यांनी पाहिलं. मग दुसरा डोळा बारीक करून पाहिलं. मग भांडाराला कुलूप ठोकून, बावीस वर्षांत पहिल्यांदाच जेवणाच्या सुट्टीआधी, त्या पळत सुटल्या.

पळत गेल्या त्या अंगणापलीकडच्या लेथच्या शेडमध्ये. तिथला, लेथवर धातू कातणारा टर्नर म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा दीर. हा मनुष्य लोखंडाशी जितका बोले तितका माणसांशी बोलत नसे; वहिनी तेवढी अपवाद होती.

"भाऊजी, मापाची पट्टी द्या. ती सरकती."

"काय झालं? साप निघाला?"

"साप काय मोजून मारतात? द्या म्हणते ना!"

दोघांनी सगळ्या मांडण्यांवरचे दट्ट्ये मोजले. आकडे जवळजवळ होते, पण एकाचा एकाशी मेळ नव्हता. भाऊजींनी डोकं खाजवलं.

"वहिनी, हे झिजलेले आहेत. प्रत्येक जण आपापल्या परीने झिजलाय. ह्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. दट्ट्या ज्यात फिरतो ते नळकांडं मोजू. ते थोडंच झिजतं?"

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या क्षणी मात्र ते दोघांनाही अत्यंत शहाणपणाचं वाटलं.

पुढचे चौदा रविवार वहिनी आणि भाऊजी सायकलीवरून गावोगाव हिंडले आणि बंद पडलेल्या पंपांच्या पोटात पट्टी घालून आले. घरी सासूबाईंनी आधी चेष्टा केली. "लोकांच्या सुना रविवारी माहेरी जातात. आमची पंपाकडे जाते!" मग त्याच सासूबाई भिंतीवरच्या कागदासमोर चष्मा लावून बसू लागल्या आणि संध्याकाळी दोघं परतले की दारातच विचारू लागल्या, "काय गं, जांभळ्याचा आकडा काय आला?" बाईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवत. अकराही देशांच्या राजधान्या, नद्या आणि मुख्य पिकं त्यांना तोंडपाठ होती. कागदावर प्रत्येक रंगासमोर देशाचं नाव त्यांनीच सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं. या संशोधनातला त्यांचा वाटा एवढाच, पण पुढे ते तो बराच वाढवून सांगत.

चौदाव्या रविवारी कागद भरला. हिरवा: एकसष्ट मिलिमीटर. निळा: एकसष्ट. लाल: एकसष्ट. जांभळा, पिवळा, तबकडीवाला, सगळे एकसष्ट. कुठे केसभर कमी, कुठे केसभर जास्त.

 सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांचं पोट एकच?"

"एकच!" बाई ओरडल्याच. "आई, रंग अकरा, पुस्तकं अकरा, फोटो अकरा, आणि दट्ट्या एक! बावीस वर्षं मी अकरा मांडण्या पुसतेय!"

"एकसष्ट हा आकडा जरा विचित्र आहे," भाऊजी पुटपुटले. "कोणता शहाणा इंजिनियर एकसष्ट धरेल? साठ धरेल नाहीतर पासष्ट."

"परदेशातली माणसं आहेत, त्यांचं काय सांगावं? तुम्ही करा हो!"

भाऊजींनी केला. भंगारातलं पितळ वितळवून ठोकळा ओतला, लेथवर चढवला, एकसष्टला बसेल असा दट्ट्या काढला आणि ट्रकच्या जुन्या टायरमधून त्याची रबरी चकती कापली. पहिला दट्ट्या शेजारच्या निळ्या पंपात गेला. बाईंनी स्वतः दांडा मारला. एक, दोन, तीन, काही नाही. चौथ्याला पोटातून एक गुरगुर आली आणि पाचव्याला पाणी असं आलं की पुढे उभे असलेले भाऊजी छातीपर्यंत भिजले. ते हसले. त्यांना हसताना शेजाऱ्यांनी प्रथमच पाहिलं.

सहा महिन्यांत एकशे चाळीस पंप चालू झाले. खिडकीसमोर रांग लागू लागली. पलीकडच्या जिल्ह्यांतून, ज्यांना इथं पाठवलेलंच नव्हतं, ते लोकही यायला लागले. आणि एवढी मोठी गोष्ट फार दिवस सुरळीत चालू राहिली तर कुणाच्या तरी नजरेला येणारच, त्याप्रमाणे ती मुख्य कार्यालयाच्या नजरेला आली.

पत्र आलं. त्यात दोन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिलं होतं की विनापरवाना भाग बनवल्याबद्दल कारखान्याने तीन जणांच्या समितीपुढे प्रात्यक्षिक दाखवावं. दुसऱ्यात लिहिलं होतं की देशाला बारावा मित्र लाभला असून तो दोन हजार नवे पंप, स्वतःचे भाग आणि स्वतःची दुरुस्ती-गाडी देऊ करत आहे. समितीचं समाधान न झाल्यास ही भेट स्वीकारून दुरुस्ती कारखाना बंद करण्यात येईल.

"बाराव्याचा रंग कोणता आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"केशरी," यजमान म्हणाले. त्यांनी त्या देशाची मुख्य पिकंही सांगायला सुरुवात केली, पण बायकोचा चेहरा बघून थांबले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि तीन दट्ट्ये पुसून पुसून असे चकचकीत केले की त्यात तोंड दिसावं. मुख्य कार्यालयाच्या मागच्या अंगणात एक जुना लाल पंप उघडून ठेवला होता, शेजारी पाण्याने भरलेलं पिंप. समितीच्या अध्यक्षबाई खात्यातूनच निवृत्त झालेल्या इंजिनियर होत्या. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. बाकीचे दोन सदस्य होते एवढंच म्हणता येईल. कारखान्याचे साहेब एका कोपऱ्यात उभे होते. प्रात्यक्षिक यशस्वी झालं तर पुढे यायला आणि फसलं तर मागे जायला त्या कोपऱ्यातून सारखंच अंतर होतं. बाराव्या मित्राचा प्रतिनिधी हसतमुख, सभ्य, उत्तम शर्टातला गृहस्थ होता.

जुन्या लाल पंपात दट्ट्या लोण्यासारखा गेला. पाणी आलं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली.

"छान. कोणत्याही पंपात बसतो म्हणता?"

"अकरापैकी कोणत्याही," बाई छाती पुढे काढून म्हणाल्या.

"मग तो घ्या," अध्यक्षबाईंनी बोट दाखवलं.

बोट कार्यालयाच्या दिवाणखान्याकडे होतं. तिथं संगमरवरी चौथऱ्यावर पहिल्या मित्राचा पहिला हिरवा पंप ठेवलेला होता. फीत कापून त्याचं उद्घाटन झालं होतं, मागे फोटो लावला होता, आणि गेली तीस वर्षं शिपाई त्याला रोज फडकं मारत होता. देशातला हा एकमेव पंप, ज्यातून पाण्याचा थेंब कधी गेला नव्हता.

चार जणांनी तो उचलून अंगणात आणला. भाऊजींनी खालचं झाकण उघडलं. बाईंनी दट्ट्या लावला आणि दाबला.

गेला नाही.

फिरवून दाबला. तेल लावून दाबला. भाऊजींनी दाबला. दट्ट्या नळकांड्याच्या तोंडावर बसून राहिला. अंगणात इतकी शांतता पसरली की साहेबांचं मागे सरकणं ऐकू आलं.

"हरकत नाही," प्रतिनिधी सहानुभूतीने म्हणाले. "अचूक काम अवघड असतं. म्हणून तर आमचा देश..."

बाईंनी पुढचं ऐकलं नाही.  कारखाना, लेथ, खिडकीसमोरची ती रांग, सगळं या एका ठोकळ्यावर अडकलं होतं. त्यांनी दट्ट्या काढला, भाऊजींच्या खिशातली पट्टी ओढली आणि नव्या पंपाच्या पोटात घातली. आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"साठ," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. आणि दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी ते चौदा रविवार उलटे फिरले.

"वाळू!" भाऊजी म्हणाले. "पाण्याबरोबर वाळू येते. नळकांडं थोडंच झिजतं म्हणालो होतो ना मी? गाढव आहे मी, वहिनी!"

"गाढव तर गाढव, ते नंतर," बाई म्हणाल्या, आणि अध्यक्षबाईंकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला होता, पण तो भीतीने नव्हे, ही गोष्ट साहेबांनाही कळली आणि ते मागे सरकायचे थांबले. "मॅडम, चूक आमची. आम्ही शंभर पंप मोजले आणि शंभरच्या शंभर म्हातारे होते. नवा पंप आम्ही दोघांनी जन्मात पाहिलेला नाही. आज पाहिला."

दुसरे सदस्य प्रथमच बोलले. "म्हणजे तुमचा भाग चुकीचा आहे."

"म्हाताऱ्या पंपाला बरोबर आहे, नव्याला चुकीचा. भाऊजी, किती वेळ?"

"एक मिलिमीटर उतरवायचं आहे." भाऊजींनी हातातला दट्ट्या उलटसुलट केला. "रबर धरून पाऊण तास. अर्धा, जर कुणी मधे बोललं नाही तर."

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. मग प्रतिनिधींकडे वळून अगदी सहज विचारलं, "तुमच्याकडचा भाग बसला नाही, तर काय करायचं असतं?"

"बसत नाही असं होत नाही," प्रतिनिधी म्हणाले. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी पुस्ती जोडली, "झालंच तर अर्ज असतो. तीन प्रतींत. साधारण आठ महिने."

"चला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आठ महिन्यांपेक्षा पाऊण तास बघणं सोपं."

कारखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. वरात निघाली: पुढे दट्ट्या घेऊन भाऊजी, मागे साडी खोचून बाई, त्यांच्या मागे समिती, प्रतिनिधी, आणि आता बरेच पुढे आलेले साहेब. लेथच्या शेडमध्ये बसायला दोन खोकी होती. अध्यक्षबाई बसल्या नाहीत. भाऊजींनी दट्ट्या पकडीत बसवला, लेथ सुरू केला, आणि पितळेची पहिली सोनेरी वळी सळसळत बाहेर आली तशा त्या चष्मा पुसून पुढे सरकल्या. आणखी पुढे सरकल्या. शेवटी भाऊजींना सांगावं लागलं, "बाई, नाक सांभाळा."

"मी शिकाऊ असताना अशीच उभी राहायचे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत फाइली सोडून काही हातात घेतलं नाही. थोडं अजून उतरवा, नाही?"

"केसभर."

इकडे बाई टायरचा तुकडा मांडीवर घेऊन चकती कापत होत्या. सुरी चालत होती आणि तोंडही. "मॅडम, ही चूक झाली ते बरंच झालं! ऐका ना. नवा पंप साठ. म्हातारा एकसष्ट. मधे काहीतरी असणारच. पंप काय एका रात्रीत म्हातारा होतो? म्हणजे दट्ट्या तीन मापांचा हवा. पहिली काही वर्षं धाकटा, मग मधला, मग थोरला. पंप झिजेल तसा दट्ट्या मोठा! पंप फेकायचाच नाही!"

अध्यक्षबाई वळल्या. "हे त्यांच्या पुस्तकांत आहे?"

"अकरात कुठेच नाही. आमचे हे चित्रं बघून आले सगळी. सगळ्या चित्रांत पंप नवाच आहे."

प्रतिनिधींनी आपल्या बॅगेतलं बारावं पुस्तक उघडलं, दोनतीन पानं चाळली आणि सभ्यपणे मिटलं. पंप कधीतरी जुना होईल ही शक्यता बाराव्यातही धरलेली नव्हती.

चाळीसाव्या मिनिटाला लेथ थांबला. भाऊजींनी गरम दट्ट्या पाण्यात बुडवला, चर्र झालं. चकती चढली. सगळे जवळजवळ धावतच रस्ता ओलांडून परतले; एका सायकलवाल्याने त्यांना वाट करून दिली आणि कुठे आग लागली म्हणून विचारलं. चौथऱ्यावरून उतरवलेला हिरवा पंप पिंपात उभा होता. बाईंनी दट्ट्या लावला. भाऊजींनी वरून आपला हात ठेवला. दाबला.

'सुप्' असा आवाज झाला आणि तो आत गेला.

"दांडा," अध्यक्षबाई म्हणाल्या, "मी मारणार."

एक. दोन. तीस वर्षांची धूळ चोचीतून खोकत बाहेर आली. तीन. चार. आणि मग मैत्रीच्या पहिल्यावहिल्या भेटीतून पाणी आलं, गढूळ, मग स्वच्छ, पिंपात पडून पुन्हा वर. फडकं मारणारा शिपाई दारात उभा होता, तो टाळ्या वाजवू लागला. अध्यक्षबाई थांबेनात. त्यांचे कॅनव्हासचे बूट चिंब झाले, दुसऱ्या सदस्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला, तरी त्या मारतच राहिल्या.

मग त्यांनी तिथंच, पंपाच्या झाकणावर कागद ठेवून निर्णय लिहिला: तीन जिल्ह्यांत, एक वर्ष, तिन्ही मापांचे दट्ट्ये कारखान्याने बनवून प्रायोगिक तत्त्वावर वापरावेत, कारखाना चालू राहील. सरकारी भाषेत याहून मोठा जल्लोष करता येत नाही.

"आणि तुम्ही," त्या प्रतिनिधींना म्हणाल्या, "तुमच्या देशाला आमचे मनापासून आभार कळवा. भेट द्यायचीच असेल तर पितळेच्या सळया द्या. आणि आणखी एक लेथ. रंग कोणताही चालेल."

प्रतिनिधींनी ते खरोखरच लिहून घेतलं.

साहेबांनी बाईंचं अभिनंदन केलं आणि मुळात कल्पना कशी सुचली त्याबद्दल दोन शब्द बोलायला सुरुवात केली. पण बाई तिथं नव्हत्या. त्या फाटकापाशी पोचल्या होत्या आणि भाऊजींना हाका मारत होत्या.

"अहो, आता कुठे?" भाऊजी धापा टाकत आले. "घरी तरी सांगू ना, आई खिडकीत उभी असेल."

"वाटेवरच सांगू. आधी पाच-सहा वर्षांचा पंप शोधायचा. धड नवा नको, धड म्हातारा नको."

"मधल्याचं माप साठ आणि एकसष्टच्या मधे धरलं की झालं. साडेसाठ. त्यात काय मोजायचंय?"

बाईंनी सायकलीवर टांग मारली. "तुमच्या 'त्यात काय'मुळे आज मरता मरता वाचलो आपण! आधी पोटात पट्टी, मग आकडा. बसा मागे."